मधला बांध मोडला तेव्हा

नांदेड जिल्ह्यातल्या भोकरकडच्या जुन्या घरांत पणजोबांची लोखंडी पेटी उघडली की कधी कधी जमिनीचा उर्दू कागद हाती लागतो. शेत आपलं, बांधाच्या खुणा ओळखीच्या, खालचा अंगठाही आपल्याच माणसाचा. पण वर काय लिहिलंय ते वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात जायचं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचा कारभार उर्दूत चालायचा. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. उर्दूशी आमचं वैर नाही. दरखास्त, मिसल, तहसील हे शब्द आजही आमच्या तोंडी आहेत. दुखणं वेगळं होतं. ज्या कागदावर आपलं आयुष्य लिहिलेलं, तो कागद आपल्याला वाचता येत नव्हता, की त्यातली चूक आपल्या हातानं दुरुस्त करता येत नव्हती.

विसावं शतक संपता संपता तालुक्याच्या गावांत डीटीपीची दुकानं निघाली आणि तेच दुखणं नव्या रूपात समोर आलं. पडद्यावर मराठी अक्षरं उमटत, छापूनही येत. पण संगणकाच्या लेखी ती मराठी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत, आणि कोणत्या क्रमांकावर कोणता आकार, हे ज्यानं फॉन्ट बनवला त्यानं आपापलं ठरवलेलं. भोकरात टाइप केलेला अर्ज फ्लॉपीत घालून नांदेडला नेला आणि तिथल्या संगणकावर नेमका तोच फॉन्ट नसला, तर मजकुराच्या जागी अर्थ नसलेल्या खुणांची रांग दिसायची. एखादं जोडाक्षर चुकीचं तुटत असलं, तरी सुधारण्याची सोय नव्हती. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, ज्या त्या कंपनीच्या कुलपात. मराठीसाठी ते कुलूप काढायचं की नाही, हे मराठीच्या बाजारात किती पैसा आहे यावर ठरणार.

हे चित्र एकाच घटनेनं बदललं नाही. पण त्या बदलातली एक घटना नीट सांगण्याजोगी आहे. एका कंपनीनं आपल्या सॉफ्टवेअरचं काम बाहेरच्या माणसांसाठी खुलं केलं, आणि उघडलेल्या त्या दारातून मराठी आत गेली. ही गोष्ट अमेरिकेतल्या रेड हॅटची आहे, आणि पुण्यातल्या मराठी हातांचीही.

लाल टोपी

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर पाहण्याचं, बदलण्याचं आणि वाटण्याचं स्वातंत्र्य प्रत्येकाला असावं, हा त्यामागचा आग्रह. १९८९ मध्ये त्यांनी जीपीएल हा परवाना लिहिला. त्याची अट साधी आणि पक्की आहे: घ्या, बदला, वाटा, पण वाटताना पुढच्यालाही हेच हक्क द्या. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहायला घेतला आणि पुढे तो याच परवान्याखाली आणला.

या सगळ्याची मोट बांधून, सीडीवर घालून, सामान्य माणसाला वापरता येईल असा संच तयार करणाऱ्या कंपन्या १९९० नंतर उभ्या राहिल्या. मार्क युइंग आणि बॉब यंग यांची रेड हॅट त्यांतलीच. कॉलेजात असताना युइंग आजोबांची लाल टोपी घालत. कंपनीचं नाव त्या टोपीवरून आलं. ११ ऑगस्ट १९९९ रोजी कंपनी शेअर बाजारात उतरली. भारतात पीसीक्वेस्ट मासिकाच्या अंकासोबत रेड हॅटवर आधारलेली लिनक्सची सीडी यायची. टेलिफोनच्या तारेवरून रडतखडत इंटरनेट चालायचं त्या काळात ही सीडी मोलाची होती. एकानं आणली की मित्रमंडळीत हातोहात फिरायची, आणि तशी ती फिरवणं हा गुन्हा नव्हता, हक्क होता.

पण इथे एक बारकावा आहे आणि पुढची सारी गोष्ट त्यावर उभी आहे. रेड हॅट लिनक्सचा कोड सगळ्यांना वाचता येत होता; ते लिनक्स घडवण्याचं काम मात्र कंपनीतच चालायचं. कोणता प्रोग्रॅम घ्यायचा, कोणती आवृत्ती, कोणती दुरुस्ती आधी, हे कर्मचारी ठरवत. बाहेरच्याला तयार माल दिसायचा. कोड उघडा होता, कारखाना बंद होता.

३१ मार्च २००३ रोजी रेड हॅट लिनक्सची नववी आवृत्ती आली आणि ती शेवटची ठरली. कंपनीनं आपलं सगळं बळ एंटरप्राइझ लिनक्सकडे वळवलं. ते मोठ्या संस्थांसाठी, पैसे भरून आधार मिळणारं. इतकी वर्षं रेड हॅट वापरणारे, शिकवणारे, त्याच्या सीड्या वाटणारे लोक दुखावले.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या हवाई विद्यापीठात वॉरन टोगामी नावाचा विद्यार्थी एक वेगळा प्रयोग चालवत होता. रेड हॅट लिनक्समध्ये नसलेले प्रोग्रॅम स्वयंसेवकांनी मिळून बांधायचे, एकमेकांचं काम तपासायचं आणि मगच लोकांना द्यायचं. त्याचं नाव फेडोरा. फेडोरा हाही टोपीचाच एक प्रकार. सप्टेंबर २००३ मध्ये कंपनीनं या उपक्रमाशी हातमिळवणी करून फेडोरा प्रकल्प जाहीर केला आणि ६ नोव्हेंबर २००३ रोजी ‘फेडोरा कोअर १’ आलं. साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढायची, नवं ते आधी इथे आणायचं, आणि इथे मुरलेलं पुढे एंटरप्राइझ लिनक्समध्ये न्यायचं, अशी ही मांडणी.

दोन वावरं

आमच्याकडे इर्जिक म्हणून रीत होती. कुणाची नांगरणी अडली, पेरणी मागे पडली, की गावातले लोक आपापली बैलं आणि औतं घेऊन त्याच्या वावरात उतरत. दिवसभरात काम उरकत, आणि संध्याकाळी मालक सगळ्यांना पोटभर जेवू घाली. फेडोराला अशीच इर्जिक हवी होती. पण पहिली काही वर्षं तिच्यात एक अडचण राहिली: वावराच्या मधोमध बांध होता.

बांधाच्या एका बाजूला ‘कोअर’. मुख्य, रोजच्या गरजेचे प्रोग्रॅम तिथे, आणि त्यांना हात लावायची मुभा फक्त कंपनीच्या कर्मचाऱ्यांना. दुसऱ्या बाजूला २००५ पासून ‘एक्स्ट्राज’. तिथे स्वयंसेवक राबत. बाहेरच्या माणसाला कोअरमधल्या प्रोग्रॅमात चूक सापडली, ती दुरुस्तही करता आली, तरी त्यानं बगझिला या तक्रारवहीत नोंद करायची आणि आतल्या कुणाला सवड होईपर्यंत वाट बघायची. कोअर ज्या यंत्रणेवर बांधलं जाई, तीही कंपनीच्या आतच होती. ज्याला स्वतःच्या भाषेसाठी काही करायचं होतं त्याला ही वाट फार लांबची होती, कारण अक्षरं पडद्यावर आणणारे प्रोग्रॅम, फॉन्ट, कळफलक हे सगळं नेमकं मुख्य भागात मोडतं.

बांध मोडायला चार वर्षं लागली. २००५ मध्ये कंपनीनं फेडोरासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान काढायचं जाहीर केलं. २००६ मध्ये तो बेत सोडून दिला आणि त्याऐवजी फेडोरा मंडळ नेमलं. मंडळात कंपनीची माणसं होती, स्वयंसेवकही होते. मॅक्स स्पीवॅक प्रकल्पाचे प्रमुख झाले. प्रमुखाचा पगार कंपनी देई आणि शेवटी नकार देण्याचा अधिकारही त्याच्याकडे राहिला. म्हणजे मालकी पुरती सुटली नव्हती. तरीही चर्चा आता उघड्यावर चालू झाली, आणि कंपनीत उभारलेली कोजी ही बांधणीची यंत्रणा बाहेर आणली गेली. ३१ मे २००७ रोजी आलेल्या सातव्या आवृत्तीच्या नावातून ‘कोअर’ हा शब्दच गेला. नाव उरलं नुसतं ‘फेडोरा ७’. कोअर आणि एक्स्ट्राज एक झाले.

त्या दिवसापासून पगारी अभियंता आणि घरी बसून काम करणारा विद्यार्थी एकाच भांडारात, एकाच नियमानं काम करू लागले. नवा प्रोग्रॅम आणायचा तर तो दुसऱ्यानं तपासून पास केला पाहिजे, मग आणणारा कंपनीचा असो की नसो. कंपनीनं हे धर्मादाय म्हणून केलं नाही. तिचं एंटरप्राइझ लिनक्स याच पिकातून निघत होतं, आणि जितके जास्त डोळे, जितके जास्त हात, तितकं पीक कसदार. पण कंपनीचा फायदा होता म्हणून लोकांचा फायदा खोटा ठरत नाही. इर्जिकीत मालकाचं शेत पेरलं जातं हे खरंच. इथे मात्र जीपीएलमुळे पेरणाऱ्या प्रत्येकाला पूर्ण पीक घरी नेता येत होतं, आणि नेल्यानं ते कमी होत नव्हतं.

लोहित

मराठीच्या बाजूनं काय चाललं होतं ते आता पाहू. लिनक्सवर भारतीय भाषा आणण्याचं काम कंपन्यांच्या आधी स्वयंसेवकांनी हाती घेतलं. प्रकाश अडवाणी आणि व्यंकटेश हरिहरन यांनी सुरू केलेल्या इंडलिनक्स या प्रकल्पानं वाट पाडली, जी. करुणाकर यांनी त्याची धुरा वाहिली. युनिकोड आल्यानं प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला आणि डीटीपीच्या काळातला गोंधळ संपायची शक्यता निर्माण झाली. पण नुसते क्रमांक पुरत नाहीत. ‘कि’ लिहिताना वेलांटी टाइप होते क नंतर आणि दिसायला हवी क च्या आधी. ‘क्ष’ला तीन क्रमांक लागतात आणि आकार एकच उमटावा लागतो. हे समजणारा प्रोग्रॅम पाहिजे आणि हे आकार बाळगणारा फॉन्ट पाहिजे. असा मोकळा, चांगला फॉन्ट मिळणं अवघड होतं.

२००४ मध्ये रेड हॅटनं पाच भारतीय फॉन्ट जीपीएलखाली खुले केले: बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि तमिळ. अक्षरं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, म्हणजे मराठी छापखान्यांना आणि डीटीपीवाल्यांना ठाऊक असलेल्या ‘श्री-लिपी’च्या निर्मात्यांची. कुटुंबाचं नाव ठेवलं लोहित. लोहित म्हणजे तांबडा. लाल टोपीची आठवण संस्कृतात.

त्या पाचांत मराठी नव्हती. देवनागरी एकच तर आहे, हिंदीचा फॉन्ट मराठीला चालेल, असं वरवर वाटतं. पण आपला ल आणि आपला श हिंदीहून वेगळ्या वळणाचा असतो. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमाला ठरवून दिली, तीत या दोन अक्षरांची मराठी वळणंच धरली आहेत. दुसरं म्हणजे र. ‘आचार्यांना’ बोलावलं तर गुरुजी येतात आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा. रफार आणि अर्धा ऱ यांतला हा भेद हिंदीला लागत नाही, मराठीचं त्यावाचून अडतं. ॲ हे अक्षर तर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली, ५.१ या आवृत्तीत दाखल झालं. या गोष्टी दूरच्या कार्यालयात बसून सुचत नाहीत. त्या सुचतात त्या भाषेत रोज लिहिणाऱ्याला. त्यालाच फाइल उघडून बदल करता आला, तर काम होतं.

आणि ते झालं. लोहित कुटुंब वाढत अनेक भाषांपर्यंत गेलं, मराठीचा स्वतःचा फॉन्ट आला. पुण्यातले प्रवीण सातपुते यांनी लोहितची देखभाल वर्षानुवर्षं केली. हे काम सगळ्यांना दिसेल असं चालायचं: कुठलं जोडाक्षर बिघडलं, कुणी कळवलं, काय बदललं, सगळ्याची नोंद. पुढे देवनागरी लिहिणाऱ्या भाषांसाठी एकच फॉन्ट करून त्यात भाषेप्रमाणे आकार बदलण्याची सोय केली गेली. सप्टेंबर २०११ मध्ये परवानाही बदलला. जीपीएल प्रोग्रॅमसाठी घडलेला; फॉन्ट कागदपत्रात वा संकेतस्थळात गुंफला की त्यावरून शंका निघत. म्हणून खास फॉन्टसाठी असलेला ओपन फॉन्ट लायसन्स स्वीकारला. त्याच वर्षाच्या अखेरीस विकिपीडियानं भारतीय भाषांच्या वाचकांसाठी फॉन्ट आपोआप पुरवण्याची सोय केली, तीत लोहितची अक्षरं होती. ज्याच्या संगणकात मराठी फॉन्टच नाही अशा माणसालाही मराठी विकिपीडिया वाचता येऊ लागला.

पुण्यातली इर्जिक

अक्षरं आली, आता शब्द. संगणकाच्या पडद्यावरचं प्रत्येक बटण, प्रत्येक सूचना, चूक दाखवणारा प्रत्येक इशारा मराठीत आणायचा तर त्याची रीत ठरलेली आहे. पीओ नावाची एक साधी फाइल असते. एका ओळीत इंग्रजी वाक्य, खालच्या ओळीत दोन अवतरणचिन्हांच्या मधे त्याचं मराठी. मराठीची फाइल ‘एमआर’ या दोन अक्षरांनी ओळखली जाते. फाइलच्या माथ्यावर भाषांतर करणाऱ्यांची नावं आणि सालं. ग्नोम या लिनक्सच्या पडद्यासाठी झालेल्या मराठी फाइलींच्या माथ्यावर राहुल भालेराव आणि संदीप शेडमाके ही नावं पुन्हा पुन्हा दिसतात. दोघंही रेड हॅटच्या पुण्याच्या कार्यालयात होते. पण त्यांचं काम रेड हॅटपुरतं राहिलं नाही. फेडोराची शिस्तच अशी की दुरुस्ती आपल्या पाटात करायची नाही, उगमात करायची. म्हणून पुण्यात लिहिलेलं मराठी वाक्य लिनक्सचे दुसरे संच वापरणाऱ्या डेबियनवाल्याला मिळालं, उबुंटूवाल्याला मिळालं.

शब्दांवर वाद झाले आणि ते होणं चांगलं होतं. ‘सेव्ह’ म्हणजे जतन करा की साठवा? ‘डिलीट’ म्हणजे नष्ट करा, हटवा, की काढून टाका? एका प्रोग्रॅमात एक आणि दुसऱ्यात दुसरं असलं तर वापरणारा गोंधळतो. २००८ मध्ये राजेश रंजन यांच्या पुढाकारानं फ्युएल हा प्रकल्प सुरू झाला. पडद्यावर वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी करायची आणि भाषांतर करणारे, भाषेचे जाणकार आणि नुसते वापरणारे यांनी एकत्र बसून एकेका शब्दावर एकमत करायचं. मराठीचीही अशी यादी झाली. शब्दकोश वरून लादण्यापेक्षा तो पंगतीत बसून ठरवण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

पुण्याला याची जमीन आधीच तयार होती. पुणे लिनक्स युजर्स ग्रुपच्या बैठका होत असत. सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेतलं ‘ग्नूनिफाय’ संमेलन दरवर्षी विद्यार्थ्यांना या जगाची ओळख करून देई. ४ ते ६ नोव्हेंबर २०११ या तीन दिवसांत फेडोराचं संमेलन, फडकॉन, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे सीओईपीमध्ये भरलं. प्रकल्पाचे तेव्हाचे प्रमुख जॅरेड स्मिथ त्याला आले होते. २०१५ च्या जूनमध्ये ते पुन्हा पुण्यातच, एमआयटी अभियांत्रिकी महाविद्यालयात झालं. अशा संमेलनांत कंपनीचं ओळखपत्र गळ्यात असलेला माणूस आणि दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी एकाच बाकावर बसून एकाच चुकीचा माग काढतात. २००७ मध्ये मोडलेला बांध इथे डोळ्यांना दिसत होता.

दार पुन्हा किलकिलं होतं तेव्हा

ही गोष्ट इथेच थांबवली तर ती गोड होईल, पण पुरती खरी होणार नाही. जुलै २०१९ मध्ये आयबीएमनं सुमारे ३४ अब्ज डॉलरना रेड हॅट विकत घेतली. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झालं की एंटरप्राइझ लिनक्सची हुबेहूब, विनामूल्य आवृत्ती असलेलं सेंटओएस लिनक्स बंद होणार. आठवी आवृत्ती २०२१ च्या अखेरीस संपली. अनेक महाविद्यालयं आणि लहान कंपन्या त्यावर विसंबून होत्या. २१ जून २०२३ रोजी कंपनीनं आणखी एक पाऊल टाकलं: एंटरप्राइझ लिनक्सचा नेमका कोड ग्राहकांनाच, बाकीच्यांसाठी फक्त सेंटओएस स्ट्रीम, म्हणजे पुढच्या आवृत्तीची घडत असलेली प्रत. जगभर नाराजी उमटली. अल्मा आणि रॉकी या नावांनी लोकांनी सेंटओएसची जागा आधीच भरून काढायला घेतली होती.

यातून एक धडा घ्यावा असं मला मनापासून वाटतं. कंपनी जे मर्जीनं उघडते, ते मर्जीनं लोटूनही घेऊ शकते. पण जे परवान्यानं दिलं गेलं आणि ज्यात लोकांचे हात मिसळले, ते परत घेता येत नाही. २००४ ला खुलं झालेलं लोहित आज कुणाच्याही मर्जीवर नाही. एमआर फाइलींमधलं मराठी कुणाच्या ताळेबंदात बसत नाही. फेडोरा आजही दर सहा महिन्यांनी नवं रूप घेऊन येतं आणि त्यात हात घालण्याचा हक्क आजही कुणालाही आहे.

म्हणून ही गोष्ट भोकरात सांगायची. इथून नांदेड तासा-दीड तासावर. तिथे विष्णुपुरीला श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून आहे. दुसऱ्या दिशेला तेलंगणातलं भैंसा; तिथल्या बाजारात मराठी आणि तेलुगू शेजारी नांदतात, जशा त्या लोहितमध्ये नांदतात. इथल्या मुलांना दोन-तीन भाषा खेळता खेळता येतात. एक शब्द दुसऱ्या भाषेत नेताना काय सांडतं, हे त्यांना पुस्तकाविना कळतं. या कामाला दुसरं भांडवल लागत नाही.

पणजोबांच्या पेटीतला कागद त्यांना वाचता आला नाही. एमआर फाइल आपल्याला वाचता येते, आणि तिच्यातली चूक आपल्या हातानं सुधारता येते. एखादी उघडून बघावी. माथ्यावर आधी राबलेल्यांची नावं आहेत, त्यांच्याखाली आणखी एका नावापुरती जागा आहे. आणि खाली जाता जाता अशी एखादी ओळ लागतेच, जिथे इंग्रजी वाक्य आहे आणि त्याच्याखालची दोन अवतरणचिन्हं अजून रिकामी आहेत.